दारावरचं शुल्क आणि लपवलेला आजार

सांजवात

अनुदान बंद झालं, दवाखान्याचं शुल्क वाढलं, आरोग्यावरचा खर्च कापला, या बातम्या आपण अर्थकारण म्हणून वाचतो. परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस), एचआयव्ही यांच्याबद्दल बोलणं निघालं की विषय लगेच माणसांच्या वागणुकीवर जातो. कोण कुणाबरोबर होतं, काळजी का घेतली नाही, संस्कार कुठे गेले. या दोन गोष्टींमधला दुवा जोडायला हवा असं मला फार दिवस वाटतंय, म्हणून हा धागा.

सुरुवात नैरोबीच्या उदाहरणानं करते, कारण इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं. १९८७ साली जागतिक बँकेनं गरीब देशांच्या आरोग्यखर्चाबद्दल एक धोरणपत्र काढलं. सरकारी दवाखान्यांनी रुग्णांकडून शुल्क घ्यावं, असा त्यातला एक मोठा आग्रह होता. कर्जबाजारी देशांना तो टाळणं सोपं नव्हतं. केनियानं १९८९ च्या अखेरीस शुल्क सुरू केलं. नैरोबीत लैंगिक आजारांसाठी एक मोठा सरकारी दवाखाना होता, आजूबाजूचे दवाखाने तिकडे रुग्ण पाठवायचे. तिथल्या हजेरीचा अभ्यास १९९२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शुल्काच्या नऊ महिन्यांत पुरुषांची हजेरी आधीच्या ४० टक्क्यांवर आली, स्त्रियांची ६५ टक्क्यांवर.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. शुल्क मागे घेतल्यावर स्त्रियांची हजेरी आधीच्या १२२ टक्क्यांवर गेली. म्हणजे मधल्या काळात आजार कमी झाला नव्हता, घरोघरी साचत होता. पुरुष मात्र ६४ टक्क्यांवरच राहिले. दार पुन्हा उघडलं तरी एकदा मोडलेली सवय परत लागली नाही.

या आकड्यांवर मी बराच विचार केला. इतर आजारांतही शुल्कानं माणसं मागे हटतात. पण लैंगिक आजारात एक वेगळी अडचण असते. ताप आला, हाड मोडलं, तर माणूस घरात पैसे मागू शकतो, उसने घेऊ शकतो, मालकाकडून उचल घेऊ शकतो. इथे तो पैसे कशासाठी हवेत हेच सांगू शकत नाही. जिच्या हातात स्वतःचा पैसा नाही अशा बाईचं तर विचारूच नका. तिला लागण नवऱ्याकडून झालेली असते आणि तपासणीचे पैसे त्याच्याचकडे मागायचे असतात. त्यामुळे पावतीवरचा आकडा कितीही छोटा असला तरी त्या माणसाला पडणारी किंमत मोठी असते. शुल्क ठरवणारा अधिकारी हिशेब करतो तो लोकांना इतकं परवडेल का एवढाच. लोकांना ते लपवून भरता येईल का, हा प्रश्न त्याच्या तक्त्यात नसतोच.

दुसरं, हे आजार संसर्गाचे आहेत. मी उपचार टाळून वाचवलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर निघतात. स्त्रियांमध्ये परमा आणि क्लॅमिडिया यांची लक्षणं बहुतेक वेळा दिसतच नाहीत. कळतं तेव्हा गर्भनलिकांना इजा झालेली असते, मूल न होण्याचं दुःख आणि वर दोष तिच्याच माथी. एका पुरुषानं टाळलेली तपासणी अशी एका बाईच्या आयुष्यभराच्या हिशेबात जाते, आणि अर्थखात्याच्या कोणत्याही वहीत त्याची नोंद होत नाही.

माझं म्हणणं असं की लैंगिक आजारांची तपासणी आणि उपचार यांवर दारात एक पैसाही घेऊ नये, आणि काटकसरीच्या वर्षात इथे कात्री सगळ्यात शेवटी लागावी. प्रत्यक्षात ती सगळ्यात आधी लागते, कारण तक्रार करायला कुणी पुढे येत नाही. मोर्चा कोण काढणार?

पटत नसेल तर जरूर सांगा. शुल्काखेरीज आणखी कोणती धोरणं इथवर पोचतात तेही लिहा.

ओंजळ

अगदी खरं. समुपदेशक म्हणून या क्षेत्रात माझी बरीच वर्षं गेली आहेत. औषध कितीला, हे माणसं नंतर विचारतात. आधी विचारतात, "घरी काय सांगू?" तुमचा मुद्दा नेमका तिथे बसतो.

त्यात दोन भर घालते. एक, वेळ. केंद्र फक्त कामाच्या वेळात उघडं असेल तर रोजंदारीवरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी जाते. तपासणी मोफत असली तरी त्याला ती महागच पडते, आणि सुट्टी का घेतली याचं उत्तर मुकादमाला द्यावं लागतं. कर्मचारी कमी केले की केंद्राच्या वेळा आक्रसतात, संध्याकाळची ओपीडी पहिली बंद होते. अंदाजपत्रकात याला 'शुल्कवाढ' म्हणत नाहीत, पण रुग्णासाठी ती शुल्कवाढच असते.

दोन, जोडीदार. एकाला गोळ्या देऊन भागत नाही. जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर तोच आजार महिन्याभरात परत येतो. त्यासाठी कुणीतरी फोन करावा लागतो, भेटावं लागतं, नाव न फोडता समजवावं लागतं. ही सगळी माणसांची कामं आहेत, यंत्राची नाहीत. आणि पदं गोठवली की पहिली जातात ती हीच.

रोखठोक

धागा चांगला आहे, पण मला काही आक्षेप नोंदवायचे आहेत.

कंडोम स्वस्त आहे, बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतो. माहितीही आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही जो काळजी घेत नाही त्याच्या उपचाराचा खर्च इतरांच्या करातून का व्हावा? सरकारकडे पैसा मर्यादित असतो. डायलिसिसवरच्या माणसानं किंवा कॅन्सरच्या लहान मुलानं काही चूक केलेली नसते. निवड करायची वेळ आली तर आधी त्यांचं बघायला हवं.

दुसरं, श्रीमंत देशांत पैसा भरपूर आहे आणि तिथेही हे आजार वाढताहेत. मग पैशाचा संबंध कितपत धरायचा? केनियाच्या एका दवाखान्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं मला घाईचं वाटतं.

दूरदेशी

@रोखठोक, श्रीमंत देशांचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. तिथली कहाणी तुमच्या मुद्द्याला पूर्ण आधार देत नाही.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून लैंगिक आरोग्याच्या बहुतेक सेवा राष्ट्रीय आरोग्यसेवेकडून काढून स्थानिक प्रशासनाकडे दिल्या. त्यासाठी केंद्राकडून सार्वजनिक आरोग्य अनुदान मिळतं. २०१५ मध्ये वर्ष चालू असतानाच त्यातून २० कोटी पौंड कापले, आणि पुढची अनेक वर्षं महागाईच्या हिशेबानं ते घटतच गेलं. तपासणी तिथे आजही मोफत आहे, दारावर शुल्क नाही. पण जागा मिळायला हवी ना! २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये परम्याचे ८५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. १९१८ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा सर्वांत मोठा आकडा. गरमीचे साडेनऊ हजार, १९४८ नंतरचे सर्वांत जास्त. सगळा दोष कपातीचा असं मी म्हणणार नाही. तपासण्या वाढल्या, जोडीदार भेटण्याच्या पद्धती बदलल्या, कंडोमचा वापर घटला. पण मागणी वाढत असताना पुरवठा कापला, एवढं तर निर्विवाद आहे.

अमेरिकेचं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. तिथे २००० साली गरमीच्या सुरुवातीच्या अवस्थेतले रुग्ण सहा हजारांच्या आसपास उरले होते, १९४१ पासूनच्या नोंदींतला नीचांक. रोग देशातून घालवायची राष्ट्रीय योजना त्याच सुमाराला आखली गेली होती. पुढे रोग कमी झालाय म्हणून लक्ष आणि पैसा दोन्ही आटले. आईकडून पोटातल्या बाळाला होणारी गरमी २०१२ मध्ये ३३५ बाळांना झाली होती, २०२२ मध्ये ३,७०० हून अधिक बाळांना. त्यांच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मते यातली दहापैकी जवळपास नऊ प्रकरणं वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर टळली असती.

ओंजळ यांनी सांगितलेलं जोडीदार शोधण्याचं काम तिथे खास प्रशिक्षित कर्मचारी करतात. कोविडकाळात त्यांची संख्या वाढवायला पैसे मंजूर झाले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात देशाची कर्जमर्यादा वाढवण्यावरून राजकीय तडजोड झाली आणि त्यात उरलेले सुमारे ४० कोटी डॉलर परत घेतले गेले. नुकत्याच भरती झालेल्या लोकांच्या नोकऱ्या त्यामुळे धोक्यात आल्या. कर्जमर्यादा आणि गरमीनं बिघडणारी नवजात बाळाची हाडं यांचा संबंध असा लागतो.

सांजवात

दूरदेशी, फार मोलाचा प्रतिसाद.

@रोखठोक, तुमच्या 'काळजी घेत नाही त्याचा खर्च' या मुद्द्यावर. वरच्या त्या ३,७०० बाळांनी कोणती काळजी घ्यायची होती? एकनिष्ठ राहिलेल्या बायकांनी कोणती? संसर्गाच्या आजारात चूक एकाची आणि भोग दुसऱ्याचा, हे इतकं सर्रास आहे की चुकीच्या हिशेबानं पैसे वाटायचे ठरवले तर मधली निरपराध माणसंच आधी वगळली जातात.

आणि निव्वळ पैशाच्या भाषेतच बोलायचं तर टेक्सासकडे बघा. २०११ मध्ये तिथल्या विधिमंडळानं कुटुंबनियोजनाची दोन वर्षांची तरतूद ११.१ कोटी डॉलरवरून ३.८ कोटींवर आणली. कितीतरी केंद्रं बंद पडली. २०१३ पासून राज्याच्या एका कार्यक्रमातून ठरावीक संस्थेच्या केंद्रांना वगळलं. पुढे अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जिल्ह्यांत ती केंद्रं होती तिथे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये सरकारी विम्यावर होणारी बाळंतपणं २७ टक्क्यांनी वाढली. इंजेक्शनचे पैसे वाचले आणि बाळंतपणाचे भरावे लागले. तिजोरी एकच, खातं फक्त वेगळं. नंतर त्याच राज्यानं बरीचशी तरतूद दुसऱ्या वाटांनी परत आणली, पण मोडलेली केंद्रं तेवढ्यानं उभी राहत नाहीत.

उलट बाजूला कोलोराडो. तिथे २००९ पासून एका खासगी देणगीतून तांबी आणि दंडात बसवायचं इम्प्लांट मोफत किंवा नाममात्र दरात दिलं. ही साधनं पुढे वर्षानुवर्षं चालतात, पण पहिला खर्च एकरकमी आणि मोठा. तोच अडसर काढला. २०१४ पर्यंत किशोरवयीन मुलींच्या बाळंतपणांचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. देशभर ते घसरतच होतं, त्यामुळे सगळं श्रेय योजनेला द्यायला मी धजणार नाही. पण तिथली घसरण ठळक होती.

रोखठोक

बाळांचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मर्यादित पैशाचा प्रश्न तुम्ही टाळताय. प्रत्येक खातं म्हणतं की आमच्यावर कात्री शेवटी लावा. मोफत केलं की गर्दी वाढते, गर्दी वाढली की दर्जा घसरतो. शुल्क ठेवा आणि गरिबाला माफ करा, यात काय वाईट आहे?

ओंजळ

माफीसाठी गरीब असल्याचं सिद्ध करावं लागतं. म्हणजे एक खिडकी जास्त, एक कागद जास्त, आणि 'कशासाठी आलात' हे विचारणारा माणूसही जास्त. दुसऱ्या आजारात हे कदाचित चालेल. इथे त्या खिडकीपर्यंत जायलाच माणूस तयार नसतो. कागदावर नाव-पत्ता लिहायची वेळ आली की पुष्कळ जण परत फिरतात.

गणिती

आतापर्यंतची चर्चा दवाखान्याच्या खर्चावर आहे. मला वाटतं खरा प्रश्न त्याच्या बराच आधी सुरू होतो. घरात पैसा कधी येतो, कधी थांबतो आणि थांबल्यावर हाताशी काय असतं, तिथे.

आफ्रिकेतल्या दुष्काळांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. जिथे एचआयव्ही आधीच पसरलेला होता अशा ग्रामीण भागांत, गेल्या दहा वर्षांतल्या पाऊस बुडालेल्या प्रत्येक वर्षामागे लागणीचं प्रमाण ११ टक्क्यांनी जास्त आढळलं. पावसात विषाणू नसतो. पीक गेलं की घरातली बाई किंवा मुलगी ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यावर अवलंबून राहते, एवढंच.

पश्चिम केनियात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदी २०११ मध्ये छापून आल्या. घरात कुणी आजारी पडलं की त्या दिवशी असुरक्षित संबंधाची शक्यता सुमारे १९ टक्क्यांनी वाढायची. का? मेक्सिकोतल्या २००५ च्या अभ्यासात त्याचं उत्तर आहे: कंडोम न वापरण्यासाठी गिऱ्हाईक २३ टक्के जास्त पैसे मोजत होतं. माहितीचा प्रश्नच नाही, @रोखठोक. त्या बाईला धोका पूर्ण ठाऊक असतो. घरी मूल तापानं फणफणतंय आणि औषधाला पैसे नाहीत, अशा दिवशी ती तो धोका विकते.

म्हणून मी म्हणतो की मुलांचा मोफत उपचार, पीकविमा, अडीनडीला मिळणारं छोटं कर्ज या सगळ्या लैंगिक आरोग्याच्या योजना आहेत, कुणी तसं नाव देवो न देवो. कोलकात्यात सोनागाची या देहविक्रयाच्या वस्तीतल्या स्त्रियांनी १९९५ मध्ये बचत आणि कर्जासाठी स्वतःची उषा सहकारी संस्था काढली. डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकारानं १९९२ मध्ये सुरू झालेल्या आरोग्यप्रकल्पातून ती वाढली. प्रकल्प कंडोम आणि तपासणीचा होता. पण सावकाराच्या व्याजात अडकलेली बाई गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही, हे त्या लोकांना काम करताकरता कळलं. नाही म्हणायची ताकद बचतीच्या पासबुकातून आली.

पिंपळपान

गणिती, तुमच्या प्रतिसादाला जोडून. थेट हातात पैसे दिले तर काय होतं, याचाही प्रयोग झालाय. मलावीच्या झोम्बा जिल्ह्यात १३ ते २२ वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडी रक्कम दिली. दीड वर्षानं तपासलं तेव्हा शाळेत असलेल्या मुलींमध्ये पैसे मिळालेल्यांत एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के होतं, न मिळालेल्यांत ३ टक्के. २०१२ मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा फार मोठी आशा निर्माण झाली होती.

मग दक्षिण आफ्रिकेत तसाच मोठा प्रयोग झाला, शाळेत हजर राहण्याच्या अटीवर पैसे. तिथे लागणीत फरक पडला नाही. कारण तिथल्या बहुतेक मुली तशाही शाळेत जातच होत्या. म्हणजे पैशाची जादू नाही. पैसा ज्या अडचणीतून सोडवतो ती अडचण तिथे असायला हवी.

शाळा हा धागा मात्र पक्का वाटतो. बोत्सवानानं १९९६ मध्ये इयत्तांची रचना बदलली, त्यामुळे मुलं माध्यमिक शाळेत जास्त काळ राहू लागली. हा बदल आरोग्यासाठी केलाच नव्हता. पण २०१५ च्या अभ्यासात माध्यमिक शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे एचआयव्हीचा धोका सुमारे आठ टक्के-बिंदूंनी कमी दिसला, मुलींमध्ये जास्तच. शिक्षणमंत्री हे वाचत असतील का, असं राहून राहून वाटतं.

आडवाट

इतिहासातलं एक पान. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींना स्वस्त मजूर हवे होते. वसाहतीच्या सरकारांनी झोपडीवर कर बसवला, तोही रोखीत. शेती करणाऱ्याकडे रोख कुठली? माणसं खाणीवर गेली. कुटुंब आणायला बंदी, हजारो पुरुष बराकींत, वर्षातून एकदा घरी. डॉ. सिडनी कार्क यांनी १९४९ मध्येच लिहून ठेवलं होतं की तिथल्या काळ्या समाजात गरमी पसरण्यामागे ही स्थलांतरित मजुरीची रचना आहे. पुढे एचआयव्ही आला तो त्याच वाटांनी, त्याच बराकींतून, त्याच गावांकडे परत गेला. कर, वेतन आणि घरबांधणीचं धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर 'गुप्तरोग' हा शब्दही आला नसेल.

आजही जगात जिथे जिथे पुरुषांना एकटं बोलावून कामाला लावतात, तिथे कुटुंबासकट राहण्याची सोय हा मला आरोग्याचाच प्रश्न वाटतो.

तळटीप

पेटंटचा विषय अजून आला नाही, म्हणून लिहितो.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट दिलं नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर दिलं होतं. त्यामुळे इथल्या कंपन्या तेच औषध वेगळ्या पद्धतीनं बनवू शकत होत्या. एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त लागत होते, तेव्हा फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लानं तो 'सीमापार डॉक्टर्स' या संस्थेला ३५० डॉलरला देऊ केला. दिवसाला एक डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी मान्य केलं की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत. ब्राझीलनं तर १९९६ मध्येच कायदा करून हे उपचार मोफत केले होते.

उपचार चालू असलेल्या माणसाच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला की त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. म्हणून औषधाची किंमत हा प्रतिबंधाचाही प्रश्न आहे. त्या एका कायद्यानं जगभर किती जीव वाचवले असतील, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यावर एक ओळ नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. २००५ मध्ये व्यापार करारानुसार तो बदलावा लागला.

आताचं उदाहरण लेनाकापाविर. वर्षातून दोनदा टोचायचं इंजेक्शन, एचआयव्हीची लागण होऊच नये म्हणून. अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, तिथली छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. भारतीय कंपन्या तेच २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला देणार असल्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. पण मूळ कंपनीनं त्यांना दिलेला हा परवाना १२० देशांपुरताच आहे. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू इथल्या लोकांवर या औषधाच्या चाचण्या झाल्या आणि ते देश यादीबाहेर, कारण कागदोपत्री ते पुरेसे गरीब नाहीत. ज्यांनी दंड पुढे केला त्यांनाच स्वस्त औषध नाही, हे मला कोणत्याही तर्कानं पटत नाही.

दूरदेशी

तळटीप, छान माहिती. देणगीदार देशांच्या धोरणांचंही लिहायला हवं. अमेरिकेत १९८४ पासून एक नियम येतो-जातो. गर्भपाताबद्दल सल्ला किंवा सेवा देणाऱ्या परदेशी संस्थांना कुटुंबनियोजनाची मदत बंद. रिपब्लिकन अध्यक्ष आला की नियम लागू, डेमोक्रॅट आला की मागे. जानेवारी २०२५ पासून पुन्हा लागू आहे. आफ्रिकेतल्या २६ देशांवरचा २०१९ चा अभ्यास सांगतो की या मदतीवर जास्त विसंबून असलेल्या देशांत नियम लागू असताना गर्भपात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. गर्भपात थांबवायला केलेला नियम! त्याच संस्था गर्भनिरोधकं वाटत होत्या, त्यांचा पैसा गेला, गर्भनिरोधकांचा वापर घटला आणि नको असलेली गर्भधारणा वाढली.

आणि २०२५ मधली एकूण परदेशी मदतीचीच कपात. जगात २०२४ मध्ये एचआयव्हीच्या १३ लाख नव्या लागणी झाल्या. अमेरिकी मदत गेली ती परत आली नाही तर २०२९ पर्यंत आणखी ६० लाख लागणी आणि ४० लाख मृत्यू होतील, असा यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेचा इशारा आहे. यात देणाऱ्यांचा दोष आहेच. पण वीस वर्षं दुसऱ्याच्या पैशावर आपली औषधयोजना चालवली, स्वतःच्या अंदाजपत्रकात जागा केली नाही, हा घेणाऱ्या सरकारांचाही दोष मानायला हवा.

पिंपळपान

एक ताजी बातमी राहिली. चीननं १९९३ पासून कंडोम आणि गर्भनिरोधकांना मूल्यवर्धित करातून सूट दिली होती. १ जानेवारी २०२६ पासून ती काढली, आता १३ टक्के कर. जन्मदर वाढावा ही तिथल्या सरकारची इच्छा जगजाहीर आहे. मूल वाढवायचा खर्च १३ टक्के महागलेल्या कंडोमच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे जन्म वाढतील असं मला वाटत नाही. कंडोम टाळणारे तरुण मात्र वाढू शकतात, आणि कंडोम गर्भाबरोबर आजारही अडवतो.

रोखठोक

बरंच वाचायला मिळालं, आभार. गणितींचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला. विमा आणि बचत ही माझ्याही विचारात बसणारी गोष्ट आहे, कारण त्यात माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. सरसकट मोफत करण्याबद्दल मी अजून साशंक आहे. संसर्गजन्य आजारांपुरती दारावरची वसुली नको, इथपर्यंत येतो.

एक प्रश्न. नुसत्या सरकारी खर्चानं सगळं सुटेल का? बाजाराचाही काही भाग असेल ना?

ओंजळ

@रोखठोक, बाजाराचा भाग आहे, आणि तो कुठे अडतो ते पेनिसिलिनमध्ये दिसतं. गरमीवर बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन हा पक्का इलाज. गरोदर बाईसाठी तर बाळाला वाचवणारं दुसरं खात्रीचं औषधच नाही. पेटंट कधीच संपलंय, किंमत अगदी कमी. आणि म्हणूनच बनवायला फारसं कुणी तयार नाही. मूळ द्रव्य तयार करणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एखाद्या ठिकाणी उत्पादन अडलं की अनेक देशांत एकदम तुटवडा पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेतसुद्धा पडला, तेव्हा साठा गरोदर स्त्रियांसाठी राखून ठेवा आणि इतरांना शक्य तिथे दुसऱ्या गोळ्या द्या, अशा सूचना निघाल्या.

इथे शुल्क नाही, पेटंट नाही, लाजेचा प्रश्नही नंतरचा. नफाच इतका थोडा की मालच येत नाही. सरकारनं आधीच ठरलेल्या दरानं काही वर्षांची खरेदी पक्की केली तर कारखाना चालू राहील. त्यात बाजारही टिकतो आणि तुमचा प्रश्नही सुटतो.

इथल्या कुणाचा औषधखरेदीशी किंवा आरोग्याच्या अंदाजपत्रकाशी संबंध असेल तर कृपया लिहा. खरेदीचे करार एका वर्षाऐवजी तीन-पाच वर्षांचे करायला प्रत्यक्षात काय आड येतं, हे मला खरोखर समजून घ्यायचंय.